माणिकबाईच्या मोगऱ्यातले नवरदेव

लग्नाच्या दिवसांत अमरावतीचे नवरदेव दोन गोष्टींना भीत. एक घोड्यावर बसायला, आणि दुसरी माणिकबाईकडे फुलं आणायला जायला. घोड्यावरून पडलेले दोघे-तिघेच होते. माणिकबाईच्या हातून मात्र सहसा कोणी सुटला नाही.

राजापेठेच्या कडेला तेव्हा दुकानं थोडी आणि वाफे जास्त. तिथं विहिरीच्या पाण्यावर माणिकबाई मोगरा, शेवंती, वांगी आणि मेथी पिकवायची. मुंडावळ्या तिच्यासारख्या कोणी गुंफत नसे. भर मे महिन्यात दुपार टळेपर्यंत त्या मान टाकत नसत. पण तिचे दोन नियम होते. नवरी अठराच्या आतली असेल तर दुसरा माळी बघा. आणि मुंडावळ्या न्यायला नवरदेवानं स्वतः यायचं, एकट्यानं. तो आला की ती त्याला ताटव्यात पालथ्या टोपलीवर बसवायची, तळहात पुढं करायला लावायची आणि सुई-दोरा चालवत त्याच्याशी अशा विषयावर बोलायची, जो तोवर वऱ्हाडात फक्त शिव्यांमधून बोलला जात असे.

हे तिच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं.

माणिकबाई नांदायला आली ती वीस वर्षांची होऊन. बाप लवकर गेल्यामुळे लग्न लांबलं होतं. नवरा देवीदास मोर्शीची संत्री अकोल्याच्या बाजारात न्यायचा. हंगामात आठ-आठ दिवस अकोल्यालाच मुक्काम असे. घरी आला की बायकोशी तीन वाक्यं बोलायचा: पाणी दे, भाकर दे, दिवा मालव. माणिकबाई नंतर म्हणायची, "आमच्या घरचा बैल माह्याशी जास्ती बोले."

पहिलं मूल मेलेलं जन्मलं, दुसरंही तसंच. सासू गोदाबाईनं सुनेला पिंपळाला फेऱ्या घालायला लावल्या, अंगारा चाटवला, कोणा बुवाच्या सांगण्यावरून काळ्या कोंबडीचं काहीबाही केलं. एका वैद्यानं सुनेला तीन महिने डांबरासारखा लेप खाऊ घातला. सगळ्या गावानं सुनेचं पोट तपासलं. देवीदासला कोणी जीभ दाखव असंही म्हटलं नाही.

तिसऱ्या खेपेला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हा माणिकबाई कोणाला न विचारता दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीणबाई कोकणातली, बुटकी, चष्मेवाली. तिनं रक्त काढलं, आणि आठ दिवसांनी बोलावून सांगितलं की हा गरमीचा रोग आहे, नवऱ्याकडून आला आहे, आणि मुलं त्यानंच गेली. रोग बरा होतो, पण सुया दोघांनी घ्यायच्या. एकट्या बायकोनं घेऊन उपयोग नाही.

"म्हंजे माह्या पोटात काई खोट नोती?" माणिकबाईनं विचारलं.

"नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाली.

माणिकबाई तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. तिला रडू आलं नाही. पिंपळाच्या फेऱ्या किती झाल्या असतील याचा हिशेब ती करत होती, आणि तो लागेना.

घरी येऊन तिनं देवीदासला सांगितलं. तो म्हणाला, "मी गडी मानूस हाव. मले काय धाड भरली?" एक फोड आला होता खरा, पण तो केव्हाच बसला. अकोल्याच्या जत्रेत एका माणसानं गोळ्या दिल्या होत्या, त्या जालीम निघाल्या.

"फोड आपोआपच बसते," माणिकबाई म्हणाली. "डाक्टरीनबाई म्हन्ते, तो वरून बसते आन् आत घुसते. तुमच्या त्या गोळीवाल्यानं बसलेल्या फोडाचे पैसे घेतले."

देवीदास काही हलेना. चार दिवस समजावून झाल्यावर पाचव्या दिवशी माणिकबाई वांग्याची पाटी घेऊन बाजारात बसली. देवीदास पलीकडं संत्र्याच्या ढिगाजवळ उभा होता. तिनं नेहमीसारखा पुकारा केला, "वांगे घ्या, कवये वांगे." मग आवाज तसाच ठेवून, "मेथी घ्या, ताजी मेथी. आन् देवीदासले काय झालं ते आयका."

शेजारच्या बायका थांबल्या. देवीदासनं मान वळवली.

"वांगे घ्या, कवये वांगे," माणिकबाई म्हणाली. "देवीदासले अकोल्याहून काय भेट आली ते..."

"चाल," देवीदास तिच्यापुढं येऊन म्हणाला. "चाल, कोन्या दवाखान्यात जाचं थे सांग."

पुढं वर्षभराहून जास्त दर मंगळवारी दोघं सुई घ्यायला गेली. त्या सुईला लोक सहाशे सहा नंबरची म्हणत, आणि ती टोचली की माणूस दोन दिवस वाकडा चालत असे. दवाखान्यातल्या बाकावर तास-तास बसावं लागे. तिथं बोलण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून देवीदास बोलू लागला. अकोल्यात मुक्कामाला सोबतची माणसं जायची म्हणून मीही गेलो, म्हणाला. पहिल्यांदा गेलो तेव्हा भ्यालो होतो. लग्नाच्या आधी कोणी काही सांगितलं नाही, जे सांगितलं ते दोस्तांनी, आणि त्यांना तरी काय माहीत होतं. दोन पोरं त्याच्यापायी गेली हे बोलताना तो बाकावर तोंड झाकून रडला. माणिकबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. नंतर कोणी विचारलं तर ती स्पष्ट सांगायची, "तवा मले वाटलं, रडू दे. माहं रडून झालं होतं."

रोग गेला. पुढं एक मुलगी झाली, आणि ती जिवंत, किंचाळत, सगळ्या गल्लीला त्रास देत झाली. गोदाबाईनं ते श्रेय अंगाऱ्याला दिलं. कोणी तिच्या नादी लागलं नाही.

नवरदेवांचं प्रकरण सुरू झालं ते त्यानंतर. एक पोरगा मुंडावळ्या सांगायला आला होता आणि बरोबर दोन दोस्त होते. हळदीच्या आधी याला 'शिकवायला' कुठं न्यायचं, यावर ते दोस्त हसत कुजबुजत होते. माणिकबाईनं दोस्तांना कुंपणाबाहेर काढलं आणि नवरदेवाला टोपलीवर बसवलं.

"काहून रे, बायको तुही, आन् शिकाले दुसऱ्या जागी जातं?"

त्याला घाम फुटला. माणिकबाईनं त्याला सांगितलं ते पुढं शेकडो जणांना सांगितलं. बाहेरून काय काय रोग येतात, कसे येतात, लपवले तर काय होतं. दवाखाना कुठं आहे आणि तिथं कोणत्या दारानं गेलं की ओळखीचं कोणी भेटत नाही. पेपरात ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती येतात, त्या घेतल्यानं ताकद फक्त गोळीवाल्याला येते. स्वप्नात काही झालं म्हणून माणूस मरत नाही, नाहीतर अर्धी अमरावती ओस पडली असती. आणि सगळ्यात शेवटी ती सुई थांबवून, त्याच्याकडं बघून बोलायची:

"पहिल्या दिवशी तिच्याशी बोलजो. तिचं नाव घेऊन बोलजो. थे गप बसली म्हंजे हो म्हन्ली असं समजू नोको. भेव वाटलं तरी मानूस गपच बसते. थे आपल्या तोंडानं हो म्हनत नाई तोवर तू आपला भितीकडं तोंड करून झोप. भित काई पयून जात नाई."

नवरीमुलींना ती संध्याकाळी वेणी घालण्याच्या निमित्तानं भेटायची. त्यांना काय सांगायची ते पुरुषांना कधी कळलं नाही. पण वेणी घालून आलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर निम्मी भीती कमी आणि निम्मं हसू जास्त असे, हे आयांच्या लक्षात आलं होतं.

गावात यावर बोलणं झालंच. उत्तमराव वकील तरुणांसाठी ब्रह्मचर्यावर व्याख्यानं देत. त्यांनी एका सभेत 'काही अशिक्षित स्त्रिया' असा उल्लेख केला. वकीलसाहेबांना नऊ मुलं होती, त्यामुळे विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा असणार असं माणिकबाई म्हणाली. ते वकिलांपर्यंत पोचलं आणि पुढच्या व्याख्यानांतून तो उल्लेख गळाला.

अडतीस साली हिवरखेडच्या खुशालराव पाटलांच्या मुलाचं लग्न ठरलं. पाटलांची शंभर एकर काळी जमीन. मुलगा सूर्यभान बावीस वर्षांचा, अमरावतीला कॉलेजात होता आणि सुट्ट्यांत बापाचा कापूस घेऊन अकोल्याला जायचा. मुलगी मोर्शीच्या जानरावांची, सुभद्रा. जानराव सुधारकी डोक्याचे, मुलीला एकोणीस वर्षांची होईपर्यंत शिकवलेलं. लग्न अमरावतीत व्हायचं होतं. पाटलांनी फुलांसाठी गडी पाठवला. माणिकबाईनं गडी परत पाठवला.

मग पाटील स्वतः आले. "आमच्या पोट्ट्यानं तुह्या वावरात येऊन टोपलीवर बसाचं?"

"टोपली नाई आवडत त तिवईवर बसवते. पन येनं त्यालेच लागन."

"बाई, तुले मी कोन हाव माहीत हाय का?"

"नवरदेवाचे बाप. तुमचं लगन होऊन गेलं, आता तुमाले सांगून काय उपेग."

पाटील तणतणत गेले. पण मुंडावळ्या माणिकबाईच्याच हव्यात असं पाटलीणबाईंचं म्हणणं होतं, आणि घरात पाटलांपेक्षा पाटलीणबाईंचंच जास्त चालायचं. दुसऱ्या दिवशी सूर्यभान आला. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. टोपलीवर रुमाल अंथरून बसला.

"हात दाखव," माणिकबाई म्हणाली.

दोन्ही तळव्यांवर तांबूस ठिपके होते. माणिकबाईनं असे ठिपके एकाच माणसाच्या हातावर पाहिले होते. तिनं सुई बाजूला ठेवली.

"हे काय?"

"उष्णता झाली असेल," सूर्यभान म्हणाला. तो कॉलेजात शिकल्यामुळे पुण्याकडचं बोलायचा.

"खाजते?"

"नाही."

"दोन-तीन महिन्यांपयले फोड आलता? दुखला नाई, आन् आपोआप गेला?"

सूर्यभान मोगऱ्याची एक कळी नखानं सोलत होता. मग हळूच म्हणाला, "गेला म्हणून मला वाटलं, संपलं."

"माह्या नवऱ्यालेही तसंच वाटलं होतं," माणिकबाई म्हणाली, आणि तिनं त्याला आपली दोन मुलं कशी गेली ते सांगितलं. ती गोष्ट ती नवरदेवांना सहसा सांगत नसे. सूर्यभानच्या अंगातला कॉलेजचा सगळा ताठा उतरला. त्यानं विचारलं, आता काय करू.

"दवाखान्यात जाय. दीड वर्ष सुया घ्या लागतीन. लगन पुढं ढकल. आन् पोरीले सांग."

"ते कसं सांगू?"

"तोंडानं."

सुभद्राला वेणीची फुलं निवडायची आहेत असा निरोप माणिकबाईनं जानरावांच्या मुक्कामी धाडला. सुभद्रा आली, आणि ताटव्याच्या पलीकडं सूर्यभान उभा दिसल्यावर निघूनही गेली नाही. मधे माणिकबाई बसून गुंफत राहिली. सूर्यभाननं सांगितलं. खूप अडखळला, दोनदा इंग्रजीत शिरला, माणिकबाईनं त्याला परत ओढून आणलं. शेवटी एकदाचं सगळं बोलून झालं.

सुभद्रानं विचारलं, "त्या बाईचं काय झालं?"

"कोणत्या?"

"अकोल्याच्या. जिच्याकडून तुमाले झालं. तिले कोनी दवा देली का?"

"मला तिचं नावही माहीत नाही," तो म्हणाला.

"मंग नाव इचारून या. तिले दवाखान्यात न्या. लगनाचं मंग पाहू." सुभद्रानं दोन मूठ मोगरा पदरात घेतला आणि ती गेली.

माणिकबाईच्या हातातला दोरा तसाच राहिला. सात-आठ वर्षं ती गावभर नवरदेवांना शहाणं करत होती, पण देवीदासला ज्या बाईकडून रोग आला ती कोण, जिवंत आहे की मेली, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. मनात आली होती ती फक्त शिवी. घरी जाऊन तिनं देवीदासला विचारलं. त्यालाही नाव ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी माणिकबाई, देवीदास आणि सूर्यभान गाडीनं अकोल्याला गेले. देवीदासनं घर दाखवलं, पण त्याच्या वेळची बाई कधीच मरून गेली होती. सूर्यभानची सापडली. नाव मैनाबाई, वय पस्तिशीच्या पुढं. दारात निवांत सुपारी कातरत बसली होती. भरदुपारी एक नवरदेव, एक माळीण आणि माळिणीचा नवरा असे तिघं दारात पाहून तिला हसूच आलं.

"वरात इकडं काहून आनली?" ती म्हणाली.

माणिकबाईनं तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. मैनाबाईचं हसू हळूहळू मावळलं. "मले कोनी आनून देलं म्हून मी याले देलं. पन कोनी मले परत येऊन सांगतलं असं आजपर्यंत झालं नाई. गडी येतेत आन् जातेत." मग म्हणाली, "दवाखान्यात गेलती मी. बाहेरच उभी ठेवली. दिवस मावळला, आली परत."

"आज आपुन संग जाऊ," माणिकबाई म्हणाली. "बाहेर उभं ठेवलं त मी तठीच भाजी इकाले बसते. मले त्याची सवय हाय."

तशी वेळ आली नाही. डॉक्टरीणबाईची चिठ्ठी जवळ होती, आणि चिठ्ठीपेक्षा पाटलाच्या मुलाचा इस्त्रीचा सदरा कामाला आला. सूर्यभाननं दवाखान्यात 'आमच्या दोघांची नावं लिहा' असं सांगितलं तेव्हा लिहिणाऱ्यानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. सूर्यभानचे कान लाल झाले होते, पण तो तिथून हलला नाही.

लग्न पुढं गेलं. खुशालरावांनी सगळ्यांना ग्रह वक्री असल्याचं सांगितलं. माणिकबाईच्या नावानं मात्र त्यांनी इतका शंख केला की सबंध मोसम तिच्याकडं बड्या घरचं एकही लग्न आलं नाही. तिनं मोगऱ्याचे दोन वाफे मोडून तिथं वांगी लावली. देवीदास हळहळला, तेव्हा ती म्हणाली, "वांग्याले नवरदेव लागत नाई, हे एक बरं."

दीड वर्ष सूर्यभान आणि सुभद्रा एकमेकांना पत्रं लिहीत राहिली. पत्रं माणिकबाईच्या पत्त्यावर यायची, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि ती दुसऱ्या कोणाला वाचू देत नव्हती. त्यात प्रेमापेक्षा भांडणं जास्त होती असं सुभद्रा पुढं सांगायची. शेतीवर राहायचं की शहरात, सासूसमोर डोक्यावर पदर किती, मुलं किती आणि केव्हा, आणि पुन्हा अकोल्याला जावंसं वाटलं तर काय करशील. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सूर्यभाननं तीन वेळा लिहिलं. दोन उत्तरं तिनं परत पाठवली, त्यात शपथा फार होत्या म्हणून. तिसऱ्यात फक्त एवढं होतं की वाटलं तर आधी तुला सांगेन. ते तिनं ठेवून घेतलं. लग्नाआधीच सगळी भांडणं उरकून घेतलेलं वऱ्हाडातलं हे पहिलंच जोडपं असावं.

रक्त साफ असल्याचा डॉक्टरीणबाईचा कागद सुभद्रानं स्वतः वाचला आणि मग होकार दिला. चाळीस सालच्या उन्हाळ्यात मोर्शीला लग्न झालं. खुशालराव मांडवात तोंड वाकडं करून बसले होते. दोन वर्षांनी नातू झाला, तेव्हा ते सरळ झालं.

मैनाबाईची औषधं पुरी झाली. धंदा तिनं सोडला नाही. तिला दुसरं काही करू देणारं कोणी अकोल्यात नव्हतं. पण आता ती आलेल्या माणसाला आधी दारातल्या उजेडात उभा करून तपासायची, आणि शंका आली की दवाखान्याचा रस्ता दाखवायची. आसपासच्या बायकाही तसंच करू लागल्या. यामुळे गिऱ्हाईक तुटलं अशी तक्रार तिनं माणिकबाईकडं केली, आणि लगेच, तुटलं ते बरंच झालं, असंही म्हणाली.

बेचाळीसनंतर माणिकबाईचे गुडघे गेले. ताटव्यात बसवेना. एका मे महिन्यात तीन लग्नं एका दिवशी आली, आणि ती घरात पायाला शेक देत पडलेली. देवीदासनं मुंडावळ्या कशाबशा गुंफल्या. पहिला नवरदेव आला, टोपलीवर बसला, आणि बाई कुठं आहे म्हणून बघू लागला.

देवीदास त्याच्यापुढं उकिडवा बसला. त्याला बायकोसारखं बोलता येत नव्हतं. मग तो म्हणाला, "मले झालं होतं."

पोरगा हसायच्या बेतात होता, तो थांबला.

"माहे दोन लेकरं त्याच्यापायी गेले," देवीदास म्हणाला. "थे मेले म्हून माह्या बायकोले लोकाईनं दोष देला. मी पाहून राहिलो होतो. बोललो नाई." एवढं बोलून त्यानं दवाखान्याचा पत्ता सांगितला, कोणत्या दारानं जायचं ते सांगितलं, आणि मुंडावळ्या त्याच्या हातात दिल्या.

तो पोरगा दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला. नंतरचे दोघेही गेले. माणिकबाईला हे कळलं तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं, पण ती चिडली. बारा वर्षं आपण घसा कोरडा करून जे काम केलं ते या बाबानं पाच मिनिटांत उरकलं, आणि पोरं याचं जास्त ऐकतात, हे तिला काही पटेना. त्यानंतर देवीदास नवरदेवाशी बोलत असला की ती ओसरीवर पाय पसरून बसायची आणि तिथून ओरडायची, "भितीकडं तोंड करून झोपाचं सांगतलं का?"

देवीदासला ते वाक्य बोलायची लाज वाटायची. तो तिथूनच म्हणायचा, "थे तूच सांग." मग नवरदेव उठून ओसरीवर जायचा.